बारा वर्षांनी पुन्हा मुलाखतीच्या खुर्चीत

१७ जानेवारी २०२५ रोजी दुपारी आमच्या विभागातल्या अकरा जणांना एका खोलीत बोलावून ३१ मार्चनंतर हा विभाग बंद होणार असल्याचे सांगण्यात आले. त्या कंपनीत मी बारा वर्षे साठा नियोजनाचे काम करत होते. म्हणजे गोदामात कोणता माल किती असावा, नवा कधी मागवावा आणि संगणकातला आकडा व प्रत्यक्षातला माल यांचा मेळ का बसत नाही, हे पाहणे. याआधीची मुलाखत मी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी दिली होती आणि ती वीस मिनिटांत आटोपली होती. आता मी एक्केचाळीस वर्षांची होते, आणि खोलीतून बाहेर पडताना मनात नोकरी जाण्याच्या भीतीइतकीच दुसरीही एक भीती होती : अनोळखी माणसांसमोर बसून स्वतःबद्दल बोलायचे कसे, हे मी पार विसरले होते.

त्या दिवसापासून १६ जूनला नव्या ठिकाणी रुजू होईपर्यंतचे पाच महिने मी एका वहीत टिपून ठेवले होते. पुढचे सगळे त्या वहीवरून लिहिले आहे. पाठवलेले अर्ज ४३, उत्तरे ११, मुलाखतीपर्यंत पोहोचलेली प्रकरणे ६, आणि नोकरी एक.

सुरुवात बायोडेटापासून झाली. जुन्या ईमेलमध्ये २०१२ सालचा बायोडेटा सापडला, त्यात बारा वर्षांची भर घातली आणि चार पानांचा मजकूर तयार झाला. धाकट्या भावाला वाचायला दिला, तर तो म्हणाला, “ताई, हे तर तुझ्या खुर्चीत बसणाऱ्या कुणाचंही वर्णन झालं. यात तू कुठे आहेस?” राग आला, पण त्याचे म्हणणे खरे होते. ‘साठ्याचे नियोजन करणे’, ‘मासिक अहवाल तयार करणे’, ‘विविध विभागांशी समन्वय साधणे’ अशा ‘करणे’कारान्त ओळींनी मी चार पाने भरली होती. त्या चार पानांची दोन करायला नऊ संध्याकाळी लागल्या. शेवटी प्रत्येक ओळीत मी काय बदलले आणि त्यामुळे किती फरक पडला, एवढेच ठेवले. फरक सांगता येत नव्हता, ती ओळ काढून टाकली.

येथे एक सूचना करावीशी वाटते. कार्यालयातील संगणकाचा प्रवेश बंद होण्यापूर्वी आपल्या कामाचे आकडे आठवून वहीत उतरवून घ्यावेत. कंपनीच्या फायली मात्र घेऊ नयेत. ते नियमाला धरून नाही आणि त्यांची गरजही पडत नाही. ‘आठ महिन्यांत तफावत इतक्या टक्क्यांवरून इतक्यावर आली’ एवढे पुरते. पगारपत्रके, वार्षिक मूल्यमापनाची पत्रे, करकपातीचे दाखले ही आपली स्वतःची कागदपत्रे मात्र शेवटच्या दिवसाआधीच उतरवून घ्यावीत, कारण नंतर ती मिळवण्यासाठी ज्याला पत्र लिहायचे तो माणूसही बहुधा त्याच सुमारास नोकरीवरून गेलेला असतो.

त्या दिवसांत कुठेतरी वाचले की लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याच्याकडे नोकरीसाठी जे पत्र तयार केले, त्यात पूल, तोफा, वेढ्याची यंत्रे यांचीच यादी दिली आणि आपल्याला चित्रेही काढता येतात हे अगदी शेवटी सांगितले. समोरच्याला चित्रकार नव्हे, युद्धाच्या कामाचा माणूस हवा असेल असा त्याचा हिशेब असणार. मी माझ्या बायोडेटात पहिल्या पानावर काय असावे हे प्रत्येक जाहिरातीगणिक नव्याने ठरवू लागले, ते हे वाचल्यानंतर. माझ्या जमेच्या बाजू त्याच होत्या, पण जाहिरातीत जे आधी मागितले असेल ते आधी ठेवायचे, एवढाच बदल.

अर्ज पाठवायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. जिन्यावर असताना फोन आला, पलीकडची व्यक्ती म्हणाली, “आपण आमच्याकडे अर्ज केला होता,” आणि तो कोणता अर्ज हे मला काही केल्या आठवेना. मी गोलमोल बोलत राहिले आणि तिच्या ते लक्षात आले. त्या रात्री एक तक्ता केला : अर्जाची तारीख, पद, जाहिरातीची प्रत, बायोडेटाची कोणती आवृत्ती पाठवली, कुणाशी बोलणे झाले, पुढची तारीख. जाहिरातीची प्रत हा रकाना फार महत्त्वाचा आहे, कारण मुलाखत ठरेपर्यंत संकेतस्थळावरून जाहिरात अनेकदा काढून टाकलेली असते. शिवाय अनोळखी क्रमांकावरून फोन आला की “पाच मिनिटांत मी आपल्याला परत फोन करते” असे म्हणायला शिकले. त्यावर कुणीही नाराज झाले नाही.

६ फेब्रुवारीला पहिली दूरध्वनी चाचणी झाली, अठरा मिनिटांची. सगळे ठीक चालले असताना अपेक्षित पगार विचारला गेला आणि माझ्या तोंडून माझा चालू पगारच निघून गेला, तोही जणू माफी मागितल्यासारखा. पुढच्या वेळेपासून तीन आकडे कागदावर लिहून समोर ठेवले : ज्याखाली जायचे नाही तो, ज्यावर समाधान असेल तो, आणि जो मागायचा तो. त्याआधी मात्र “या पदासाठी आपण कोणती मर्यादा ठरवली आहे?” असे विचारायचे. पाचपैकी तीन वेळा ती मर्यादा त्यांनी सरळ सांगितली.

पहिली खरी मुलाखत १४ फेब्रुवारीला, संगणकाच्या पडद्यावर. “स्वतःबद्दल सांगा” या प्रश्नावर मी शिक्षणापासून सुरुवात केली आणि चालू नोकरीपर्यंत पोहोचले तेव्हा मुलाखत घेणारे गृहस्थ पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहत होते. पुढे त्यांनी साठ्यातल्या तफावतीबद्दल विचारले. तो माझ्या बायोडेटातला सर्वांत चांगला मुद्दा होता, म्हणून मी उत्साहाने सांगू लागले : आम्ही तपासणी केली, आम्हाला कारण सापडले, आम्ही पद्धत बदलली. त्यांनी शांतपणे विचारले, “यात तुम्ही नेमकं काय केलंत?” मी म्हणाले, “आमच्या टीमने...” त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिसऱ्यांदाही माझे वाक्य ‘आम्ही’नेच सुरू झाले. एकतिसाव्या मिनिटाला मुलाखत संपली आणि १८ तारखेला दोन ओळींचा नकार आला.

नकाराने वाईट वाटलेच, पण अधिक बोचला तो प्रश्न. बारा वर्षे केलेल्या कामाबद्दल ‘मी’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता. तो मला बढाईचा वाटत असे. आणि खरे सांगायचे तर मागच्या बाजूला अशी शंकाही होती की ‘मी’ म्हटले तर माझा वाटा अगदी थोडा निघेल. मुलाखतीची तयारी म्हणून त्यानंतर मी जे काही केले त्यातला मोठा भाग या एकाच गाठीशी झुंजण्याचा होता.

भावाने एक उपाय सुचवला. त्याच्याकडे ‘स्टार’ नावाची पद्धत वापरत. सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट अशी तिची चार अक्षरे, म्हणजे परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम. ही पद्धत तशी सर्वांना माहीत असते आणि मीही ऐकून होते. पण त्याने प्रत्येक प्रसंगासाठी कागदाचे दोन भाग करायला लावले : डावीकडे मी केलेले, उजवीकडे इतरांनी केलेले. तफावतीचा तो प्रसंग अशा रीतीने लिहून काढला तेव्हा तो असा दिसला.

एका वस्तूचा साठा संगणकात नेहमी जास्त आणि गोदामात कमी भरत असे. चोरीचा संशय होता आणि गोदामातल्या लोकांकडे बोट दाखवले जात होते. एका दुपारी मी स्वतः गोदामात जाऊन दहा पेट्या उघडल्या आणि आतले नग मोजले. प्रत्येक पेटीत दहा निघाले. संगणक मात्र एक पेटी म्हणजे बारा नग असे धरत होता, कारण पुरवठादाराने मधल्या काळात पेटीचा आकार बदलला होता आणि माल उतरवून घेणारे पेट्याच मोजत होते. दहा पेट्या आल्या की कागदावर एकशेवीस नग चढत आणि प्रत्यक्षात शंभर येत. पेट्या उघडणे, कारण ओळखणे, पॅकिंग बदललेल्या आणखी ३७ वस्तूंची यादी करणे आणि माल उतरवतानाच पेटीतल्या नगांची नोंद घ्यावी यासाठी गोदामप्रमुखांना राजी करणे, हे डावीकडे आले. संगणकप्रणालीतला बदल, प्रत्येक आठवड्याची मोजणी आणि पुरवठादारांशी झालेला पत्रव्यवहार उजवीकडे. आठ महिन्यांत तफावत ४.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आली.

डावी बाजू कागदावर पाहिल्यावर ‘मी’ म्हणणे सोपे झाले, कारण ते आता मोजलेले होते. आणि उजवी बाजूही लिहिलेली असल्यामुळे “बाकीचे काम कोणी केले?” या प्रश्नाला इतरांचे श्रेय न लाटता उत्तर देता येऊ लागले. असे आठ प्रसंग लिहिले : एक वादाचा, एक स्वतःच्या चुकीचा, एक अपुऱ्या वेळेचा, एक वरिष्ठांशी मतभेदाचा, असे. आठ प्रसंगांत जवळजवळ कोणताही प्रश्न सामावतो, फक्त कोणता प्रसंग काढायचा हे तत्क्षणी ठरवता यावे लागते. पाठांतर मात्र कामाला येत नाही. मी दोन प्रसंग शब्दशः पाठ करून पाहिले तेव्हा मध्येच कुणी प्रश्न विचारला की धागा तुटे आणि मला पहिल्यापासून सुरुवात करावीशी वाटे. म्हणून प्रत्येक प्रसंगासाठी एका छोट्या कार्डावर फक्त पाच शब्द ठेवले. तफावतीच्या कार्डावर होते : संशय, दहा पेट्या, बारा-दहा, ३७, १.१.

रोज संध्याकाळी भाऊ मोबाइलवर वेळ लावून समोर बसत असे. पहिल्या दिवशी “स्वतःबद्दल सांग” म्हणाला आणि मी थांबल्यावर घड्याळ दाखवले. “सात मिनिटं बोललीस आणि तू काय काम करतेस हे मला अजून कळलेलं नाही.” सातावरून दीड मिनिटावर यायला दोन आठवडे गेले. आधी सध्या काय करते, मग त्यातली दोन ठळक कामे, मग याच पदात रस का, या क्रमाने बोलले की दीड मिनिट पुरेसे होते. शिक्षण त्यांना हवे असेल तर ते विचारतात. आपले बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकणे फार अवघड जाते. मला पहिल्यांदा ते तीन मिनिटांच्या पुढे ऐकवले नाही. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी “म्हणजे तसं” असे म्हणते, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळले नसते.

याच काळात एका मार्गदर्शकाकडे एक सत्र घेतले. या पाच महिन्यांतला खर्च मी पगाराच्या दिवसांत मोजत असे आणि या सत्राला दोन दिवसांचा पगार लागला. त्यांनी छापील उत्तरे दिली, त्यात “माझा दोष म्हणजे मला प्रत्येक काम परिपूर्णच लागते” हेही होते. २७ फेब्रुवारीच्या दुसऱ्या मुलाखतीत दोषांबद्दल विचारले गेले आणि मी ते वाक्य म्हटले. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि त्यांतल्या बाईंनी हसू दाबले; त्या दिवसात ते वाक्य त्यांनी बहुधा कितव्यांदा तरी ऐकले असावे. घरी येऊन खरे उत्तर शोधले, आणि ते भावाच्या घड्याळातच होते : मी लांबण लावते, बोलण्यातही आणि अहवालातही. म्हणून अहवालाच्या पहिल्या पाच ओळींत निष्कर्ष लिहायचा आणि मगच तपशील, अशी सवय मी लावून घेतली आहे. हे उत्तर पुढे दोनदा दिले. दोन्ही वेळा त्यावर पुढचे प्रश्न आले आणि त्यांची उत्तरे देताना अडखळले नाही, कारण त्यात बनावट काही नव्हते.

१३ मार्चची तिसरी मुलाखत प्रत्यक्ष कार्यालयात होती. तीन जण होते, कुणी हसले नाही, प्रश्न कागदावरून वाचले गेले आणि मी बोलत असताना तिघेही खाली मान घालून लिहीत राहिले. तिसऱ्या प्रश्नावर मी अडखळले, त्यांच्या चेहऱ्यांवर काहीच दिसेना, आणि आता सगळे संपले असे मनाशी धरून पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरेही मी तोडून टाकली. बाहेर आले ती अपमान झाल्यासारखी.

नंतर वाचन केल्यावर कळले की तो त्यांचा रुक्षपणा नव्हता, पद्धत होती. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे स्वतंत्र गुण द्यायचे, याला संरचित मुलाखत म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनाचा अभ्यास करून दाखवले होते की एखाद्या माणसाबद्दल एका गोष्टीत चांगले मत झाले की त्याच्या बाकीच्या, संबंध नसलेल्या गुणांनाही वरचे गुण दिले जातात. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीत हा दोष सहज शिरतो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात उमेदवार पुढे काम कसे करेल याचा अंदाज बांधण्यात संरचित मुलाखत मोकळ्या मुलाखतीपेक्षा सरस ठरली. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्या हिशेबातल्या त्रुटी दाखवून बहुतेक पद्धतींचे आकडे खाली आणले, तरी संरचित मुलाखतीचे स्थान खालावले नाही, उलट ती यादीत सर्वांत वर आली.

माझ्या दृष्टीने यातून निघालेला अर्थ अगदी व्यावहारिक होता. प्रत्येक उत्तराचे गुण वेगळे असतील, तर एक उत्तर बिघडले म्हणून पुढची बिघडवण्याचे कारण नाही. “मी आधी सांगितल्याप्रमाणे” असे म्हणून उत्तर अर्धे सोडायचे नाही, कारण या प्रश्नाच्या रकान्यात तेवढेच अर्धे लिहिले जाईल. आणि समोरचा हसत नाही याचा अर्थ त्याला लिहायचे आहे, इतकाच.

त्या तिसऱ्या मुलाखतीच्या ठिकाणी “आठवडाभरात कळवू” असे सांगितले होते. दहा कामाचे दिवस थांबून २७ मार्चला एक चार ओळींचे पत्र पाठवले, ७ एप्रिलला दुसरे. दोन्हींना उत्तर आले नाही. दोन पत्रांनंतर थांबायचे असे मी ठरवले होते. पाळायला तो नियम फार कठीण गेला; ईमेल उघडून पाहण्याचे दिवसातले प्रमाण लिहायचे म्हटले तर वही पुरली नसती.

चौथी मुलाखत (२५ मार्च) आणि पाचवी (४ एप्रिल) यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. चौथीत जाहिरातीतले पद आणि प्रत्यक्षातले काम यांत एवढे अंतर होते की मीच नको म्हटले, आणि पाचव्या जागी आतलाच उमेदवार घेतला गेला. पाचवी मुलाखत सुरू व्हायला सहा मिनिटे असताना संगणक स्वतःला अद्ययावत करू लागला आणि मला मोबाइलवरून सामील व्हावे लागले. त्यानंतर आदल्या रात्री संगणक पुन्हा सुरू करून ठेवणे, मोबाइलवर दुवा आधीच उघडून पाहणे, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणि दिवा चेहऱ्यासमोर ठेवणे ही कामे यादीत आली.

३१ मार्चला नोकरी संपली होती. आधीची नोकरी का सोडली, हा प्रश्न आता टळत नव्हता. सुरुवातीला मी त्यावर तीन-चार मिनिटे बोलत असे आणि त्यात कडवटपणा झिरपत असे. मग एकच वाक्य ठरवले : “कंपनीने हा विभाग बंद केला, माझ्यासह अकरा जणांची पदे गेली, आणि मी शेवटच्या दिवसापर्यंत कामाचे हस्तांतरण पूर्ण केले.” इथे पूर्णविराम. बोलण्याआधी श्वास घ्यायचा आणि नंतर गप्प बसायचे. गप्प बसण्याचाही सराव करावा लागला.

छातीतली धडधड शेवटपर्यंत गेली नाही. संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांबद्दल वाचले होते, ज्यांत भाषणासारख्या कामाआधी “मी शांत आहे” असे स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा “मी उत्सुक आहे” असे म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. मी प्रसाधनगृहाच्या आरशासमोर “मी उत्सुक आहे” असे मोठ्याने म्हणून पाहिले, आणि शेजारच्या दारातून कुणीतरी बाहेर आले. धडधड कमी झाली नाही, पण हसू आले आणि त्याने खांदे सैल झाले.

सहाव्या ठिकाणची जाहिरात ९ एप्रिलला दिसली, १५ ला दूरध्वनीवर बोलणे झाले आणि २२ ला दोन जणांसमोर मुलाखत. तफावतीचा प्रसंग विचारला गेला. मी दहा पेट्या उघडल्यापासून सुरुवात केली. त्यांतले एक गृहस्थ मध्येच म्हणाले, “पेट्या स्वतः उघडायची वेळ तुमच्यावर का आली?” हा प्रश्न कुठल्याही कार्डावर नव्हता. मी म्हणाले, “कारण तोवर सगळे जण एकमेकांचे कागद तपासत होते, आणि मलाही चौथ्यांदा कागदच तपासावेसे वाटत होते.” ते लिहिता लिहिता थांबले आणि त्यांनी त्यांच्याकडचा असाच एक घोळ सांगायला सुरुवात केली.

२९ एप्रिलला नव्वद मिनिटांची लेखी चाचणी होती : सदोष आकड्यांचा एक तक्ता, त्यावरून सहा महिन्यांची मागणी काढायची. वेळेत पूर्ण होणार नाही हे तासाभरातच कळले. मी तिसरा भाग सोडला आणि शेवटची दहा मिनिटे, कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या, कोणते आकडे संशयास्पद वाटले आणि उरलेला भाग कसा केला असता, हे लिहिण्यात घालवली. ७ मेच्या अंतिम फेरीत निम्मा वेळ त्या न केलेल्या भागावरच चर्चा झाली. शेवटी मला काही विचारायचे आहे का, असे म्हटल्यावर मी दोन प्रश्न विचारले : पहिल्या सहा महिन्यांत काय झाले तर ही निवड योग्य ठरली असे तुम्हाला वाटेल, आणि या पदावरची आधीची व्यक्ती का गेली. पहिल्या प्रश्नावर त्या दोघांची उत्तरे वेगवेगळी आली आणि ते एकमेकांशीच बोलू लागले. नोकरी कशी असेल याची त्याहून चांगली कल्पना मला कुठल्याही संकेतस्थळावरून आली नसती.

१६ मेला फोनवर होकार आला. आनंदात लगेच “हो” म्हणण्याऐवजी लेखी पत्र मागितले आणि दोन दिवस मागून घेतले. पत्रात सहा महिन्यांचा परिवीक्षा (प्रोबेशन) काळ होता, आणि पगाराचा पाचवा भाग कामगिरीवर अवलंबून होता, ज्याबद्दल फोनवर कुणी बोलले नव्हते. तो भाग कमी करावा अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही, पण पहिल्या वर्षी तो पूर्ण मिळेल असे लिहून मिळाले. विचारल्यामुळे होकार मागे घेतला जाईल ही भीती दोन रात्री पुरली होती. प्रत्यक्षात त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते.

यापुढचा भाग कागदपत्रांचा, आणि त्याने मुलाखतींइतकाच घाम काढला. पदवीच्या प्रमाणपत्रावर माझे नाव एका प्रकारे आणि ओळखपत्रावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले आहे. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. माझी पहिली नोकरी जिथे होती ती कंपनी केव्हाच बंद पडली आहे आणि तिचे अनुभवपत्र मी त्या वेळी मागितलेच नव्हते. त्याऐवजी जुनी नेमणूक पत्रे, बँकेच्या खात्यातल्या पगाराच्या नोंदी आणि कराचे दाखले चालले, पण ते शोधायला एक शनिवार-रविवार पूर्ण गेला. संदर्भासाठी दोन जणांची नावे हवी होती. ती देण्याआधी दोघांनाही फोन करून कोणते पद आहे आणि मी कोणत्या कामांबद्दल बोलले आहे हे सांगून ठेवले. त्यातल्या एकाने नंतर कळवले की तफावतीबद्दलच विचारले होते.

२१ मेला सगळी कागदपत्रे दिली. पडताळणीला दहा कामाचे दिवस लागतील असे सांगितले होते, लागले सतरा. १३ जूनच्या संध्याकाळी, म्हणजे रुजू होण्याच्या आदल्या कामाच्या दिवशी, ती पूर्ण झाल्याचा निरोप आला. तोपर्यंत मी नवीन बॅगसुद्धा घेतली नव्हती. एकूण खर्चाचा हिशेब असा झाला : मार्चअखेरपर्यंत चार दिवसांची बिनपगारी रजा, मार्गदर्शकाचे दोन दिवस, छपाई, प्रवास आणि प्रतिज्ञापत्र मिळून आणखी सुमारे दोन दिवस, आणि १ एप्रिलपासून अडीच महिने पगाराविना, जे जुन्या कंपनीने दिलेल्या भरपाईवर निघाले.

लेखी पत्रावर सही केल्यावर, १९ मेला, जिथे जिथे अर्ज अजून विचाराधीन होता अशा चार ठिकाणी मी अर्ज मागे घेत असल्याचे आभारपत्र पाठवले आणि तक्त्यातल्या त्या ओळी बंद केल्या. १६ जूनला रुजू झाले. ३ जुलैला, नव्या जागेवर बसून पहिल्यांदा साठ्याचा अहवाल लिहीत असताना, १३ मार्चच्या त्या तिघांच्या कार्यालयातून ईमेल आले : विलंबाबद्दल दिलगीर आहोत, आपली पुढील फेरीसाठी निवड झाली आहे, आपल्याला कोणता दिवस सोयीचा होईल ते कळवावे.